मोठ्या तोंडाचं इंजन

सुरजनं दोरी वढली आन् इंजन असं भडकलं, आख्खी वस्ती दणाणली. गोठ्यातल्या म्हशींनी दाव्याला हिसके दिले. त्याची माय, कौशल्याबाई, हातातलं उसाच्या शेंड्याचं वाडं टाकून बाहीर पळाली.

"मुडद्या, बाँब लावला का काय?"

"बाँब न्हाई माय, हवा! आता बघ!"

ऊसतोडीचे दिवस. हिरवं वाडं ढिगानं पडलेलं, म्हशी उपाशी, आन् वाडं बारीक करायचं कुट्टी मशीन चालवायला लाईटच न्हाई. म्हणून सुरजनं बागायतदार सुंदररावाच्या पोराकडून, प्रविणकडून, पाणी उपसायचं पेट्रोल इंजन आणलतं आन् पट्ट्यानं मशीनला जोडलतं. प्रविण येकच बोललता, "ने, पण खोलू नको बे." पण इंजनाचं काय, वल्ल्या वाड्याची पेंढी घातली की खोक खोक करून बंद. सुरज म्हणला, गुदमरतंय हे. झालं! कार्बोरेटर खोलला. काडीला पालिश पेपर गुंडाळून हवेचं भोक आतून घास घास घासलं, चांगलं मोठं केलं. पेट्रोलचं बारीक भोकबी जरा वाढवलं. फिल्टरचा डबा काढून फेकला, हवा सरळ आत.

आता मशीन पेंढ्याच्या पेंढ्या गिळाया लागलं. पण येक घोळ झालता. भोक वाढलं, भोक झाकणारी आतली पत्ती तेवढीच ऱ्हायली. सुरजनं रेस पार खाली केली तरी पत्तीच्या कडंनी हवा घुसायची, इंजन काय खाली येईना. बंद करायचं बटन तर कवाच तुटलेलं. आपल्याकडं कोण बटन दाबतंय? पेट्रोलचा कॉक बंद करायचा, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपलं की मरतंय आपोआप. सुरजनं कॉक फिरवला आन् वळला, तर प्रविण समोर! तो आवाज रस्त्यापतोर गेलता. त्याचा गडी सिदू गाडीपाशीच थांबलेला.

प्रविणनं फेकलेला डबा बघितला आन् भिंतीला टेकलेला लोखंडी पाईप उचलला.

"काय सांगितलतं तुला? काय सांगितलतं बे?"

"दादा, ऐक तर, लई भारी—"

पहिला दणका खांद्यावर. दुसरा तोंडावर. नाकाचं हाड कडकन वाजलं, रगात पार छातीवर. सुरज वाड्याच्या ढिगात पडला तर वरून लाथा. मधी पडली कौशल्याबाई. "नका मारू वो मालक!" त्यानं तिला असं ढकललं, म्हातारी गव्हाणीवर आपटली.

मंग सुरजला काय दिसंना. उठला आन् डोकं घातलं थेट प्रविणच्या पोटात! प्रविण मागं भेलकांडला, इंजनावरच. त्याच्या गळ्यातल्या गमच्याचं टोक पट्ट्यात गेलं.

गेलं आन् वढलंच त्याला. गळ्याला फास, गाल पट्ट्याला, कातडं सोलाया लागलं. पाय झाडतोय, डोळे बाहीर, तोंडातून आवाज न्हाई. इंजन आधीसारखं आसतं तर तिथंच बंद पडलं आसतं. हे थांबंना! सुरजनंच तर दम भरलता त्याच्यात.

सुरज बघत ऱ्हायला. खरंच बघत ऱ्हायला, क्षणभर. मरू दे की. मायनं गव्हाणीतून बोंब ठोकली, "सुरज्याऽऽ!"

कॉक तर बंदच, पण वाटीत आजून पेट्रोल. त्यानं हवा कोंडायला कार्बोरेटरच्या घासलेल्या तोंडावर उघडा तळहात दाबला. इंजनानं हात आत वढला. आतून भडका आला, तळहात चरचर भाजला, सुरज गुरासारखा वरडला, पण दाबूनच धरला. दोन गचके दिले आन् इंजन मेलं.

फास तसाच. प्रविण काळानिळा. सुरजनं दारातला ऊसतोडीचा कोयता घेतला, त्याच्या छातीवर गुडघा रोवला, पातं गमच्याखाली सारलं आन् उलटं वढलं. गमचा फाटला.

तेवढ्यात सिदू आला पळत. त्याला काय दिसलं? मालक खाली, रगतानं माखलेला सुरज छातीवर, हातात कोयता, गळ्यापाशी!

सिदूनं पडलेला पाईप उचलला आन् सुरजच्या पाठीत घातला. मंग बरगडीत. मंग भाजलेल्या हातावर.

"आरं त्यानं वाचिवलं रं!" कौशल्याबाई वरडली.

"वाचिवलं? कोयत्यानं?" सिदू कुठला ऐकतोय! पाईप चालूच.

प्रविणला बोलायचं हुतं. तोंड उघडलं, नुसता घरघराट. गळा पार चेपलेला. हात वर केला, सिदूनं बघितलाच न्हाई. मंग सरपटत आला, सिदूचा पाय धरला. सिदूला वाटलं, मालक दुखण्यानं धरतोय. त्यानं पाईप डोक्यावर नेला, ह्या खेपंला नेम सुरजच्या टाळक्यावर.

प्रविण सुरजवर आडवा पडला.

पाईप त्याच्या पाठीवर बसला. सिदूच्या हातातून सुटला, खणखणत लांब गेला. "मालक? मालक, वो...?"

मंग प्रविणच्या खालून, रगात थुकत, सुरजचा आवाज आला.

"उठ बे... बरगडी तुटलीय माझी."