बातमीची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तपकिरी पट्ट्यांची, एका कोपऱ्यात चहाचा मोठा डाग असलेली. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी मला प्रेमाने झटकलं की मला वाटतं, आता हिच्या मनात काय आहे? कुणी नीट घडी घातली की वाटतं, झालं, आता पुढचं वर्षभर कपाटाचा अंधार. तुम्ही म्हणाल, एका सतरंजीला कसला आलाय संशय! पण माझी गोष्ट ऐका आणि मग बोला.

माझा जन्म हातमागावर झाला. विणकर मुखदुर्बळ होता, पण त्याची बायको भारी चौकस. मागावर चढण्याआधी प्रत्येक धागा ती ताणून बघायची. "दिसायला सगळेच चांगले दिसतात," असं पुटपुटायची आणि कच्चा धागा बाजूला फेकायची. मला वाटतं, हा स्वभाव तिच्याच हातून मला लागला असावा.

दुकानात आजीने मला उलटीसुलटी करून पाहिलं, ओल्या रुमालाने घासून रंग जातो का ते बघितलं आणि मगच घरी आणलं. रंग काही गेला नाही. माझ्यावर पाहुणे झोपले, मटार सोलले गेले, मुलांनी गणितं सोडवली, शाई सांडली, मार खाल्ला. "अशी सतरंजी आता मिळायची नाही हो!" असं येणारे-जाणारे म्हणायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आजोबांची ती सवय सुरू झाली. वाईट बातमी घरात सांगायची नाही, असा त्यांचा नेम होता. "घरात बोललं की ती घरातच मुक्काम करते, उघड्यावर बोलावं म्हणजे वाऱ्यावर जाते," असं ते म्हणायचे. मग मला घेऊन सगळे गच्चीवर नाहीतर मैदानात जायचे, पोटभर खायचे आणि शेवटी आजोबा घसा खाकरायचे. कारखाना बंद पडल्याचं त्यांनी माझ्यावर बसूनच सांगितलं. गाव सोडायचं ठरवल्याचंही. त्याच दिवशी आजीच्या हातातला कप कलंडला आणि माझ्यावर हा डाग पडला.

आजोबा गेले, सवय मात्र त्यांच्या मुलाने उचलली. त्याला आपण बाबा म्हणू, कारण त्याची मुलगी ठकी त्याला तसंच म्हणते. परदेशी जायची बातमी बाबाने माझ्यावर दिली. आजीच्या बॅगेच्या तळाशी दबून मीही आले. इथे आल्यावर एका बागेत घर बदलायची बातमी दिली, दुसऱ्या बागेत शहर बदलायची. दर वेळी ठकीची शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. आणि दर वेळी बाबाने आधी तिला आवडीचं आइसक्रीम आणून दिलं. आधी आइसक्रीम, मग बातमी.

एरवी मी कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे. ठकी धावण्याच्या शर्यतीत पहिली आली तेव्हा सगळे टेबलाभोवती बसून हसत होते. मला कुणी हाक मारली नाही. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता त्या शनिवारची गोष्ट सांगते. बरेच दिवस ढगांत दडलेलं ऊन त्या सकाळी लख्ख पडलं होतं. मी उघडले डोळे तर काय, दाराशी ठेवलेली! कुणी काढलं, का काढलं, काही पत्ता नाही.

आई चहा घेऊन आली, मला पाहून थबकली. मग स्वयंपाकघरात गेली आणि अंडी उकडायला ठेवली. मग बाबा आला. त्याने मला पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं आणि मधाळ आवाजात म्हणाला, "काय गं, आज तळ्यावर जायचं का?"

"जाऊ या की," आई त्याहून मधाळ आवाजात म्हणाली.

हे दोघं सकाळी इतकं गोड कधीच बोलत नाहीत. सकाळी ते चावी शोधत असतात. नक्की काहीतरी शिजतंय, आणि ते अंड्यांच्या पातेल्यात नाही, हे मी ओळखलं. तेवढ्यात ठकी दात घासत बाहेर आली. मला बघून तोंडातल्या फेसासकट जागीच उभी राहिली.

तळ्याकाठी जत्रा भरावी तशी माणसं जमली होती. कुणी गवतावर पालथं पडलं होतं, कुणी बदकांना पाव टाकत होतं, तेही 'पाव टाकू नये' अशी पाटी होती तिथेच. मला एका झाडाजवळ पसरलं. वारा होता म्हणून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. आजी मधोमध पाय पसरून बसली आणि उन्हाकडे तोंड करून संत्रं सोलू लागली. आई एका काठावर टेकली, बाबा दुसऱ्या. ठकी बसलीच नाही. बाजूला गवतावर उभी राहिली.

"बस ना गं," आई म्हणाली.

"मला उभंच बरं वाटतंय."

"उभ्याने खाऊ नये, अंगी लागत नाही," आजी म्हणाली. ठकीने सँडविच घेतलं आणि उभ्यानेच खाल्लं.

माझ्यावर बसलेल्या माणसाचं मन मला त्याच्या टाचांवरून कळतं. बाबाच्या टाचा सारख्या घासत होत्या. आई माझ्या काठाची एक दशी पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. दोघं एकमेकांकडे चोरून बघत होती आणि नजर भिडली की उगाच हसत होती. असल्या हसण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

मग बाबा उठला आणि गाडीवरून आइसक्रीम घेऊन आला. ठकी दोन पावलं मागे सरकली.

"मला नको!"

"अगं, तुझ्या आवडीचं आहे."

"म्हणूनच नको! आधी आइसक्रीम देतोस, मग बातमी सांगतोस. मी सतरंजीवर बसणारच नाही. मी बसले नाही तर तुम्हाला सांगताच येणार नाही!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बदकंसुद्धा पाण्यात सरकली.

आईला राहवेना. "अहो, सांगून टाका एकदाचं. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय."

"मी काय सांगू?" बाबा म्हणाला. "सतरंजी तर तू काढलीस!"

"मी? मला वाटलं तुम्ही काढलीत!"

दोघांनी आजीकडे पाहिलं. आजीने संत्र्याची बी शांतपणे बाजूला ठेवली.

"मी काढली. कुबट वास येत होता तिला. ऊन पडलंय तर गॅलरीत टाकावी म्हटलं. तर तुम्ही दोघं असे गोड बोलायला लागलात, मला वाटलं, मलाच गावी परत धाडताय की काय! तेव्हापासून जीव मुठीत धरून बसलेय."

आई खो-खो हसायला लागली. आजी हसली. माझ्याही पट्ट्या सैल पडल्या. म्हणजे मला फक्त ऊन दाखवायचं होतं! पण बाबाच्या टाचा अजून घासतच होत्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आणि हे एकट्या मलाच दिसलं नव्हतं.

"बाबा, तू हसत नाहीयेस," ठकी म्हणाली.

आइसक्रीम वितळून त्याच्या मनगटावरून माझ्यावर ठिबकत होतं. त्याने घसा खाकरला, हुबेहूब आजोबांसारखा. "ऑफिसात विचारलंय मला. दुसऱ्या शहरात वरची जागा आहे. सोमवारी सांगायचंय."

"आणि आम्हाला कधी सांगणार होतात? सामान बांधल्यावर?" आईचं हसू कुठल्या कुठे गेलं.

आजी माझ्या डागावरून हात फिरवत म्हणाली, "तुझे वडीलही असेच. आधी ठरवायचे, मग जेवू घालायचे. मला एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी चहा काही चुकून सांडला नव्हता, बरं का. मी ओतला होता."

मित्रांनो, मी एवढी संशयी, पण त्या चहाचा संशय मला इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

बाबाने उरलेलं आइसक्रीम बाजूला ठेवलं. मग ठकीकडे वळून म्हणाला, "ठके, जायचं का आपण?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

ठकीने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "मी नाही म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

"मग नाही. आत्ता कुठे बाईंना माझं नाव नीट म्हणता येतंय. पुन्हा पहिल्यापासून नको रे बाबा."

बाबाने आईकडे पाहिलं. "मलाही नको," आई म्हणाली.

"बरं. सोमवारी सांगतो तसं."

"मग मी सोमवारीच बसेन," ठकी म्हणाली आणि घरी निघेपर्यंत उभीच राहिली. शहाणी पोर! मीही तिच्या जागी हेच केलं असतं.

सोमवारी संध्याकाळी बाबाने मला गॅलरीत पसरलं. मी धागा न् धागा कान करून बसले. ठकी दारात आली. तिने आधी त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग तिने हळूच एक पाय माझ्यावर ठेवला, दुसरा ठेवला आणि मांडी घालून मधोमध बसली.

"नाही म्हणून आलो," बाबा म्हणाला.

माझ्यावर बसून कुणी दिलेली ही पहिली चांगली बातमी.

मित्रांनो, घरातल्या जुन्या सतरंजीला अधूनमधून ऊन दाखवा. तिला फक्त अडीअडचणीला काढू नका, शर्यत जिंकलात तरी काढा. आणि माणसांना तिच्यावर बसवून ठरलेलं सांगू नका, ठरवायच्या आधी विचारा. माझं म्हणाल तर आता दर शनिवारी मी तळ्यावर जाते. मजेत आहे. तरी बाबा आइसक्रीमच्या गाडीकडे वळला की मी अजून त्याच्या टाचांकडेच बघते. स्वभावाला औषध नाही.