वेशीबाहेरचा एकुलता एक फोटो

मी एक जुना संगणक आहे. आचऱ्याच्या बाजारात मंगेशचं फोटोचं दुकान आहे, तिथल्या कोपऱ्यात माझं बिऱ्हाड. मूळचा मी पांढरा, पण खाऱ्या वाऱ्याने आता पिवळट झालो आहे. सुरू व्हायला मला अंमळ वेळ लागतो. तेवढ्यात मंगेश दोन चहा पितो आणि वर खापर माझ्यावर फोडतो.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते हेच दुकान. उमेदीच्या काळात मी लग्नांचे अल्बम सजवले. पुढे घरोघरी फोन आले आणि माझं काम पालटलं. मुलं फोनमधला फोटो घेऊन यायची आणि कुरकुरायची, की कॉलेजच्या फॉर्मवर हा चढतच नाही. काही फोन आपला फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतात. त्याला जागा कमी लागते, पण सगळ्या यंत्रांना तो उघडता येत नाही. मंगेशची मुलगी दिव्या सावंतवाडीला शिकते. तिने माझ्यात एक छोटा प्रोग्राम घातला. तसला फोटो घ्यायचा आणि त्याचा जेपीजी करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. जेपीजी म्हणजे फोटोंमधली तांदळाची पेज, कोणाच्याही घरी चालते. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं आणि मला ते आवडलंही.

मग गावपळण आली. आमच्या गावाची ही जुनी रीत. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना न्यायचं. जिवंत असं गावात काही मागे ठेवायचं नाही. दुकान बंद करताना मंगेशची आई सत्यवतीआजी दारात थांबली. माझा पंखा अजून घरघरत होता.

"ह्यो धापा टाकता मरे," ती म्हणाली. "ह्येका हय एकट्याक सोडतस?"

मंगेशने तिला पुष्कळ समजावलं. आजीने ऐकलं नाही. शेवटी मी गोणपाटात गुंडाळून, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, टेम्पोतून वेशीबाहेर गेलो. लोक हसले, पण मला मात्र फार बरं वाटलं.

शेजारच्या झोपडीत जयरामआजोबा होते. जन्मभर होडी वल्हवलेला माणूस, पण फोटोला भारी घाबरायचा. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं त्यांचं पक्कं मत. आधारकार्डावर एक फोटो होता खरा, पण तो बघून त्यांची बायको सुभद्राआजीच म्हणाली होती, "ह्यो कोण चोर?" त्यांची नात अनुजा मुंबईहून आली होती. तिने फोन पुढे केला तेव्हा आजोबांनी कोंबडी उचलून मांडीवर घेतली.

"काढ," ते म्हणाले. "वेशीभायर नियम येगळे. पण कोणाक धाडू नको हां."

अनुजाने शब्द पाळला. फोटो कोणालाही पाठवला नाही, फक्त पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला. होळीनंतर आजोबा झोपेतच गेले. पुढे अनुजाचा फोन जेटीवरून खाडीत पडला. आता आजोबांचा तो हसरा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या पेनड्राइव्हवर.

एव्हाना दुकानात नवा लॅपटॉप आला होता. मी टेबलाखाली गेलो, अंगावर फडकं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले तेव्हा सुभद्राआजी अनुजाला घेऊन दुकानात आली. शहरातल्या एका स्टुडिओने फाइल खराब आहे, पुसून टाका, असं सांगितलं होतं. लॅपटॉपनेही हात वर केले. मंगेशने फाइलच्या नावातलं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं. तरी काही होईना, आणि टेबलाखालचा मी तर त्याला आठवलोच नाही. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही, मित्रांनो.

"म्हणजे गेलोच तो," सुभद्राआजी हळूच म्हणाली. "माका त्येंचा हसणा आठवत नाय गो. आठवूक गेलय काय तो चोरच दिसता." टेबलाखाली मला ते सगळं ऐकू येत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

रविवारी दिव्या घरी आली, तशी सुभद्राआजी पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा दुकानात आली. दिव्याने सगळं ऐकलं, माझ्यावरचं फडकं ओढलं आणि धूळ पुसली. मी नेहमीसारखाच रमतगमत सुरू झालो. या खेपेला चहाची आठवण कोणाला झाली नाही. दिव्याने फाइलला तिचं जुनं नाव दिलं आणि माझ्या प्रोग्रामात सोडली.

आजोबा उघडले. मांडीवर कोंबडी, तोंडात दोनच दात, आणि डोळे मिटेपर्यंत हसू. सुभद्राआजी बराच वेळ बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले.

फोटोच्या कोपऱ्यात गोणपाटातून अर्धवट बाहेर डोकावणारा एक पिवळट डबा होता. मी साऱ्या गावाचे फोटो छापले, पण स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. मंगेश म्हणाला, "आजये, ह्यो डबो कापून टाकतंय. फ्रेमीत बरा दिसाचा नाय."

"कापू नको," सुभद्राआजी म्हणाली. "तो गावचोच आसा. तीन राती आमच्याबरोबर ऱ्हवलो."

मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. जिवाभावाचा फोटो एकाच जागी ठेवू नका. त्याची एक प्रत अशी करा, की ती कोणालाही उघडता येईल, आणि मूळ फोटोही जपा. एखादी गोष्ट आपल्याला उघडता आली नाही म्हणून ती बिघडली असं समजून पुसू नका. आधी टेबलाखाली बघा.

मी आता पुन्हा टेबलावर आहे. सुभद्राआजीच्या ओटीवरच्या फोटोत आजोबांच्या मागे मीही आहे, आणि त्यांना हार घालताना ती माझ्यावरचीही धूळ पुसते.