सहा सेकंदांचा नवरा

गाडीवान आयुष्यात कधीच गाडीवान नव्हता. तो स्टुडिओत दिवे लावायचा. चाळीस वर्षांपूर्वी एका जुन्या रशियन गोष्टीवर टीव्हीसाठी सिनेमा निघाला. गोष्ट अठरा पानांची. त्यात सगळे चहा पितात, एक म्हातारी मरते आणि बाकीचे पुन्हा चहा पितात. बाहेर बर्फात घोडागाडीवाला ताटकळत असतो. ते काम करणारा नट ऐन वेळी घोड्याला घाबरून झाडावर चढला, आणि टोपी ह्याच्या डोक्यावर आली. बर्फ कापसाचा होता, तो घोड्याने खाल्ला. त्या गडबडीत ह्याचा चेहरा पडद्यावर सहा सेकंद राहिला आणि नाव मात्र जन्मभर चिकटलं.

त्याच गोष्टीवर दुसरा सिनेमा निघाला, तेव्हा दिग्दर्शकाने काळाबरोबर चालायचं म्हणून मोटार आणली. गाडीवान बाद.

ते सहा सेकंद आता घरात टीव्हीवर रोज लावले जायचे. बायकोच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी गॅस बंद करायचं गेलं, मग मुलीचं नाव, शेवटी नवरा. समोर बसून भरवणारा म्हातारा तिच्या लेखी कोणीतरी भला माणूस होता. नवरा टीव्हीत होता. तो दिसला की ती केस सारखे करायची आणि म्हाताऱ्याला सांगायची, "आमचे हे. कामावर आहेत, येतीलच."

स्वतःच्याच तरुणपणावर जळणारा हा बहुधा पहिलाच नवरा. स्टुडिओतून ढापलेली ती टोपी घरात होती. एकदा त्याने ती घालून बघितली. ह्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं सुनावून बायकोने ती काढून घेतली आणि दुपारभर मांडीवर धरून बसली.

मग कळलं की त्याच गोष्टीवर तिसरा सिनेमा निघतोय. मुलगी म्हणाली, "बाबा, आई माणसांचं ऐकत नाही, टीव्हीचं ऐकते. तुम्ही टीव्हीतच म्हातारे व्हा. मग ती तुम्हाला ओळखेल."

गाडीवान टोपी पिशवीत घालून नव्या दिग्दर्शकाकडे गेला. तो पोरगेलासा दिग्दर्शक पायाच पडायचा बाकी होता. ते सहा सेकंद त्याने म्हणे वीस वेळा पाहिले होते. त्याने लगेच काम दिलं. ह्या वेळी बर्फ साबणाच्या फेसाचा होता. घोडा दोनदा घसरला, एकदा दिग्दर्शक घसरला. गाडीवान मात्र दोन दिवस लगाम धरून बसला. हाताची सालं निघाली, पण चेहरा त्याने अजिबात झाकू दिला नाही. मेकअपवाली सुरकुत्या बुजवायला आली, तर तिलाही त्याने परतवलं.

सिनेमा टीव्हीवर आला त्या दुपारी मुलीने आईला टीव्हीसमोर पलंगावर मधोमध बसवलं. चहा झाला, म्हातारी मेली. मग बर्फातून गाडी आली. गाडीवर तिशीतला, काळ्याभोर मिशांचा तोच चेहरा होता.

मुलीने दिग्दर्शकाला फोन लावला. तो खुशीत होता. काकांना सरप्राइज द्यायचं म्हणून त्याने जुन्या सिनेमातला चेहरा कॉम्प्युटरने ह्यांच्या धडावर बसवला होता. काकांना कसं वाटलं, असं त्याने विचारलं. मुलगी फोन ठेवून आत निघून गेली. गाडीवान तसाच बसून राहिला. भांडायचं तरी कोणाशी? पोराने बिचाऱ्याने प्रेमानेच केलं होतं.

बायकोने केस सारखे केले. "आले बघा," म्हणाली. मग पुढे वाकून बघत राहिली. चेहरा बदलला होता, पण हात बदलायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लगामावर फुगलेल्या शिरांचे, सालं निघालेले सत्तरीतले हात होते.

"हात बघा ह्यांचे," ती म्हणाली. "किती थकलेत. मला कधी बोलले नाहीत."

गाडीवानाने आपले हात मांडीखाली लपवले.

तिने उशाशी चाचपून मलमाची डबी काढली. "तुम्ही बाहेर जाता ना? भेटले तर द्या त्यांना. आणि नुसतं फासायचं नाही म्हणावं, असं चोळायचं." दाखवायला कोणाचा तरी हात हवा, म्हणून तिने ह्याचा ओढून घेतला. एकेक बोट धरून सावकाश चोळलं.

"सांगाल ना?"

"सांगतो," तो म्हणाला.

"दुसरा द्या."

त्याने दुसरा हात पुढे केला.