टब आहे, एवढं खरं

हॉटेलच्या जाहिरातीत गुलाबाच्या पाकळ्यांनी भरलेला, वाफाळणारा पांढराशुभ्र टब तुम्ही पाहिला असेल. शेजारी दोन मेणबत्त्या, मागे खिडकी, खिडकीत हिरवं झाड. तोच मी बोलतोय. फोटोवर भरवसा ठेवून खोली घ्यायचा विचार असेल, तर आधी माझं ऐकून घ्या. पाकळ्या कापडाच्या होत्या. वाफ माझ्यामागे लपवलेल्या किटलीची होती. झाड मात्र खरं आहे, निदान माझा तसा समज आहे. मी ते जवळून पाहिलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीत तापवून मऊ केलेला एक मोठा पांढरा पत्रा साच्यावर ओढला, पाठीमागून जाड थर दिला, कडा घासल्या आणि मी तयार झालो. तिथून दुकानात आलो. माणसं संशयी असतात हे मला तिथं पहिल्याच दिवशी कळलं. येणारा प्रत्येक जण आधी बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक करायचा आणि मग सोबतच्या माणसाकडे बघून मान हलवायचा. त्या आवाजावरून त्यांना काय कळत होतं, देव जाणे.

एक नवरा-बायको तर चपला काढून आळीपाळीनं माझ्यात झोपून गेले. "पाठीला टोचतंय का?" बायकोनं विचारलं. "नाही." "मग आतून पोकळ असणार." गेले दोघं. विक्रेता मला दिवसातून दोनदा पुसायचा आणि 'शेवटचा पीस' म्हणून दाखवायचा. मागच्या गोदामात माझी चार भावंडं उभी होती. म्हणजे माणसांचा संशय अगदीच उगाच नव्हता.

पुढे कडेला एक ओरखडा पडला आणि माझी किंमत उतरली. मग या हॉटेलच्या मालकानं मला उचललं आणि वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आणलं. प्लंबर आला, त्यानं बसून बघितलं, उभं राहून बघितलं.

"मालक, पाण्याची लाइन या भिंतीला नाही. निचऱ्याचं भोक त्या टोकाला. फरशी फोडावी लागेल."

"फोडू नंतर. तूर्तास टब ठेव. नळ लाव."

"नळाला पाणी कुठून येणार?"

"नळ दिसला म्हणजे झालं."

तर भिंतीवर चकचकीत नळ लागला, मागे पाइप नाही. माझ्या तळाला भोक, खाली नळी नाही. दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला, पाकळ्या आणि किटली घेऊन. तो गेला आणि मी एकटा पडलो.

ही खोली पाहुण्यांना द्यायची नाही असा हुकूम होता, म्हणून मॅनेजरनं ती स्वतःकडे ठेवली. दुपारी तो इथं पाठ टेकायचा. मोजे माझ्या नळावर वाळत घालायचा. माझ्यात जादा उशा, एक मोडका पंखा आणि कुणीतरी विसरलेली छत्री आली. फोन आले की तो पलंगावर पडूनच बोलायचा, तेही स्पीकर लावून, कारण हात मोकळे लागायचे.

"टब आहे का हो?" लोक विचारायचे.

"आहे की," मॅनेजर म्हणायचा.

यात खोटं काय? मी होतोच. लोक यायचे, त्यांना खालची साधी खोली मिळायची, टबाचं विचारलं की "ती खोली आत्ताच गेली" असं उत्तर मिळायचं. मग जिन्यात चढे आवाज ऐकू यायचे. मी इतकी वर्षं पडून राहिलो की मलाही वाटू लागलं, आपण टब आहोत की उशांची पेटी? एखादा पाहुणा चुकून दार उघडून आत डोकावला, तरी मी मनात म्हणायचो, आला आणखी एक टकटक करणारा.

मग एका दुपारी एक फोन आला. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा, शांत.

"तुमच्याकडे टब आहे?"

"आहे की."

"खोलीत?"

"खोलीतच, काका."

"आम्हाला जी खोली देणार, तिच्यात?"

मॅनेजर उठून बसला. "त्याचं काय आहे, उपलब्धतेवर असतं."

"बरं. शांत परिसर लिहिलंय. रस्ता किती लांब?"

"रस्ता समोरच आहे, पण शांत आहे."

"रस्ता शांत आहे की खिडकी बंद होते?"

"खिडकी बंद होते," मॅनेजर म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला असं खरं बोलताना प्रथमच ऐकत होतो.

"लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत येते की मध्येच पायऱ्या आहेत? गादी मऊ आहे की मधोमध खड्डा पडलाय? गरम पाणी दिवसभर, की सकाळी नशिबानं?" एकेक प्रश्न शांतपणे येत होता. शेवटी तो म्हणाला, "मी आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. माणूस तिकीट आहे म्हणाला की मी म्हणायचो, दाखवा. उद्या येतो. बघून मग बुकिंग."

फोन ठेवल्यावर मॅनेजर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं उशा उचलल्या, पंखा उचलला, मोजे काढले. सफाईवाल्या मावशींनी मला घासून लख्ख केलं. "नुसतं बघून जाईल तो," मॅनेजर त्यांना म्हणाला.

तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याची बाटली. आधी गादीवर तळहात दाबला. खिडकी लावून कान देऊन उभा राहिला. उशीचा वास घेतला. मग माझ्यापाशी आला आणि, अपेक्षेप्रमाणे, टकटक केलं. मीही त्याच्याकडे संशयानंच बघत होतो. असल्या माणसाला टब कशाला हवा? नावं ठेवायलाच आला असणार.

त्यानं नळ फिरवला. नळ फिरला, फिरतच राहिला.

"टाकी धुवायला काढलीय, काका," मॅनेजर म्हणाला.

तपासनीसानं हं केलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळं पाणी माझ्यात ओतलं. पाणी भोकातून खाली गेलं, माझ्या पोटाखालून फरशीवर आलं आणि त्या फरशीचा उतार चुकलेला असल्यामुळे सरळ मॅनेजरच्या बुटांखाली जाऊन थांबलं.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तो ओरडला नाही. माझ्या काठावर बसला आणि एकदम थकलेला दिसला.

"पुढच्या आठवड्यात माझ्या बायकोचं मणक्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "तिनं जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, मशीनवर वाकून. डॉक्टर म्हणतात, पायांतली ताकद राहीलच असं सांगता येत नाही. आमच्या घरच्या न्हाणीघरात कोपर हलवलं की भिंतीला लागतं. तिनं एवढंच मागितलं, त्याआधी एकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात पडून राहायचंय. सात हॉटेलं बघितली. कुठं टब फुटका, कुठं टब म्हणजे मोठी बादली. तुमचा फोटो तिला आवडला होता."

मॅनेजर ओल्या बुटांकडे बघत उभा होता.

"कुठं आहेत काकू?"

"खाली बसलीय. तिला नाही म्हणून सांगतो."

तो उठला, पण तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. काकू भिंतीला धरून हळूहळू आत आल्या. "अहो, किती वेळ? मला वाटलं, तुम्ही इथंही कुणाला दंड केलात." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या पुढं आल्या आणि त्यांनी टकटक केलं नाही. माझ्या काठावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, पाणी येत नाही याला," तपासनीस म्हणाला. "जातही नाही."

"मग राहू दे. बघायला तरी मिळाला." त्या हसल्या, पण हात काठावरून काढेनात.

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या मावशी तेव्हा बोलल्या. "येत नाही तर आणू. स्वयंपाकघरात मोठी पातेली आहेत. भोकाला बूच लावू."

"आणि नंतर ते पाणी जाणार कुठं?" मॅनेजरनं विचारलं.

"तुम्ही उपसायचं," मावशी म्हणाल्या.

मला मॅनेजरची खात्री नव्हती. बुटात पाणी शिरलेला माणूस काय उपसणार? पण त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली गेला. मग बादल्या येऊ लागल्या. लिफ्टनं वर, खोलीतून आत, माझ्यात. पहिली बादली पडली तेव्हा मी दचकलो. इतकी वर्षं टब म्हणून राहिलो आणि गरम पाणी कसं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, मी तडकणार. त्या ओरखड्यावर तर माझा काडीचा विश्वास नव्हता.

तपासनीस माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून बुचावर डोळा ठेवून होता. प्रत्येक बादलीनंतर कोपर बुडवून बघायचा. "फार गरम." "आता फार कोमट." मॅनेजर धापा टाकत म्हणाला, "काका, एकदाच काय ते ठरवा."

पाणी बेताचं झालं तशी मावशींनी दोघा पुरुषांना बाहेर काढलं आणि दार लावलं. कडेला दुहेरी टॉवेल घातला, काकूंना खांद्याला धरून अलगद आत उतरवलं. काकूंनी डोळे मिटले. त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली होती आणि ती हळूहळू सैल पडताना मला जाणवत होती. आधी खांदे, मग कंबर, शेवटी मान.

"निवलं का पाणी?" बाहेरून आवाज आला.

"नाही हो."

"खरं सांग."

"खरंच नाही."

मावशी स्टुलावर बसल्या होत्या. काकू हळू आवाजात त्यांना म्हणाल्या, "त्यांना वाटतं, मी ऑपरेशनला घाबरत नाही. वाटू दे तसंच. ते तरी निर्धास्त राहतील."

"आणि त्यांना कळत नसेल होय, ताई?"

"नाही कळत. मी तोंडावर दाखवतच नाही."

दाराबाहेरून तपासनीस म्हणाला, "दार पातळ आहे."

काकूंनी डोळे उघडले.

"मीही घाबरलोय," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "म्हणून तर सात हॉटेलं बघत हिंडलो. घरात बसवत नव्हतं."

"मला वाटलं, तुम्हाला कुठलंच पसंत पडत नाही."

"तेही आहे."

काकू हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मावशी खिडकीकडे बघत बसल्या. मी काय करणार? पाणी धरून राहिलो. बुचाची खात्री नव्हती, ओरखड्याची नव्हती, पण त्या दुपारी माझ्यातून एक थेंब गळला नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गुलाबी झाला होता. ते दोघं त्याच खोलीत दोन दिवस राहिले. फिरायला कुठं गेले नाहीत. खिडकीपाशी बसायचे, चहा प्यायचे, त्या झाडावर किती जातीचे पक्षी येतात यावरून वाद घालायचे. दुसऱ्या दिवशीही बादल्या आल्या. आणि दोन्ही दिवस मॅनेजर प्लास्टिकचा मग घेऊन माझ्यातलं पाणी उपसून बेसिनमध्ये ओतत राहिला, कण्हत, कुरकुरत, पण शेवटच्या थेंबापर्यंत.

त्यानंतर त्याच्या फोनवरच्या बोलण्यात बदल झाला. "टब आहे," तो म्हणायचा, "पण नळाला पाणी नाही, आणि तो सगळ्या खोल्यांत नाही, एकाच खोलीत आहे." अर्धे लोक फोन ठेवून द्यायचे. मालक त्याच्यावर चिडला. दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि शेवटी प्लंबर आला. फरशी फुटली, नळाच्या मागे पाइप आला, माझ्या पोटाखाली नळी आली. आता पाणी येतं आणि जातंही. जाताना घशात अडकल्यासारखा आवाज होतो, तेवढा सोडा.

काकूंचं ऑपरेशन झालं. मॅनेजरनं फोन करून विचारलं आणि मावशींना येऊन सांगितलं, "सगळं छान झालं म्हणे, चालताहेत." हे मॅनेजरनं सांगितलंय. तो अलीकडे खरं बोलतो, पण बाईमाणसाला वाईट वाटू नये म्हणून गोड करून सांगण्याची त्याची सवय मला माहीत आहे. तेव्हा मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. हॉटेलं बघत हिंडताना, गादी दाबून पाहणारा, खिडकी लावून कान देणारा, इस्त्रीच्या सदऱ्यातला एक म्हातारा तुम्हाला कुठं भेटला, तर त्याला सांगा की टबाला आता पाणी येतं आणि निचराही होतो. तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. नकोच ठेवू दे. स्वतः बघायला येईल, आणि येताना तिला घेऊन येईल.