बोटभर ठिपकी आणि मी

मी बादली बोलतेय. पत्र्याची, एका बाजूला पोचा आलेली, कडी दोनदा बदललेली. हसू नका. बादलीला काय कळतंय, असं तुम्हाला वाटत असेल. पण अकरा वर्षं जी माणसं माझ्या पोटात डोकावून गेली, त्यांच्यापेक्षा मला चार गोष्टी जास्तच कळतात.

मला आणलं मासेबाईनं. मासे विकणारी नव्हे हं! सरकारी शेडमध्ये ती मासे जगवायची. सहा सिमेंटच्या टाक्या, एक खोकणारा पंप आणि एक डुगडुगणारी खुर्ची, एवढाच तिचा संसार. टाक्यांत एकच जात होती, ठिपकी. बोटभर, मातकट, शेपटीपाशी एक काळा ठिपका. ती फक्त एका ओढ्यात उरली होती, आणि एका उन्हाळ्यात तोही आटला. तेव्हा बाईनं चिखलात गुडघे रोवून बेचाळीस ठिपक्या ओंजळीनं माझ्यात घातल्या. जगात तेवढ्याच होत्या.

लोक शेडपाशी येत.

"खायला कशी लागते हो?"

"खात नाहीत."

"मग शोभेला ठेवतात?"

"शोभेलाही नाही."

"मग हा खटाटोप कशाला, बाई?"

यावर बाई उत्तर द्यायची, पण ऐकायला कोण थांबतंय! सगळ्यात जास्त थट्टा करायचा तिचा धाकटा भाऊ, गावातला शिंपी. "ताई, तुझा मासा तळायला घेतला तर कढईत शोधावा लागेल गं!" बाई हसायची. आतून तिला लागायचं. एकदा मला घासता घासता म्हणाली, "त्याला एकदा तरी कळायला हवं, मी काय करते ते." माणूस बादलीशी बोलायला लागला की समजावं, घरात बोलायला कुणी उरलेलं नाही.

अकरा वर्षांत बेचाळिसाच्या साडेतीनशे झाल्या. बाईच्या निवृत्तीबरोबर शेडही बंद होणार होती. म्हणून तिनं गावाच्या वरच्या अंगाचा डोह निवडला. बारमाही झऱ्याचा, खाली उंच धबधबा, त्यामुळे ठिपक्या गिळणारे नदीतले मोठे मासे वर चढू शकत नसत. मला पाण्यात अर्धा तास तरंगत धरायची. आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार झालं की मगच हळूच कलती करायची. सहा दिवसांत सगळ्या सोडल्या, भाऊ काठावरून बघायचा. शेडमध्ये एकही ठेवली नाही. शेवटच्या खेपेला तिनं माझ्यात तोंड घालून म्हटलं, "जा गं बायांनो, आता तुमचं तुम्ही बघा."

निवृत्तीच्या आधी वाचनालयात तिचं भाषण झालं. मीही टेबलावर होते, नमुना म्हणून. "आपल्या पाण्यातले मासे संपत चाललेत," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. पुढे तिनं कोणते मासे आणि का, तेही नीट सांगितलं, पण तोवर मागे चहा आला होता. भाऊ मात्र डोळे पुसत बसला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

चार दिवसांनी तो शेडवर आला. "ताई, बादली दे गं जरा. कशाला ते विचारू नकोस." बाईनं दिली. भाऊ आपलं काही मागतोय याचंच तिला अप्रूप.

त्यानं मला मत्स्यशेतीच्या तळ्यावर नेलं आणि माझ्यात ओतली मोठ्या माशांची पिल्लं. रुंद जबड्यांची, वीतभर, माझ्या पत्र्याला धडका देणारी. मी ओळखलं. पाच खेपा केल्या त्यानं, गावातली दहा-बारा माणसं आपापल्या बादल्या घेऊन बरोबर. आणि काय सांगू तुम्हाला, डोहावर त्यानं मला अगदी ताईसारखं अर्धा तास पाण्यात धरलं. हात भरून आले तरी हलला नाही. मग हळूच कलती केली. मला ओरडता आलं असतं तर!

निवृत्तीच्या दिवशी तो तिला डोहावर घेऊन आला. "बघ! पाचशे सोडलेत. तुझ्या ठिपक्यांसारखे बोटभर नाहीत हं, दोन वर्षांत हातभर होतील!"

बाई खाली बसली.

"रडतेस काय, वेडे? आता भरभरून मासे होतील की!"

"ते माझ्या ठिपक्या खातील रे," ती म्हणाली. "सगळ्या खातील."

तो चिडला. एवढ्या हौसेनं केलेलं तोंडावर फेकल्यावर कोण चिडणार नाही? "मासे ते मासेच ना, ताई! तुला कधी काही पटलंय का?" आणि तरातरा निघून गेला.

बाईनं जाळं काढलं. मोठे मासे पकडून बाहेर काढू लागली, तर गावात बभ्रा झाला: बाई मासे वाचवा म्हणायची आणि आता स्वतःच मारते! कुणी तरी तक्रार केली. महिनाभर तिला डोहाकडे फिरकायची बंदी झाली.

त्या महिन्यात शिंप्यानं डोहावर गळ टाकून एक मासा घरी नेला. बहिणीची जिरवायला म्हणा, नाही तर खायला म्हणा. ओट्यावर चिरला. आणि मग तो माशासकट धावत ताईच्या दारात आला, हात रक्तानं माखलेले, धाप लागलेली. मुठीतलं त्यानं माझ्यात ठेवलं. नऊ ठिपक्या. काळे ठिपके जसेच्या तसे.

"ताई, एकाच्या पोटात नऊ," तो म्हणाला आणि मोठ्यानं रडू लागला. बाईनं त्याला जवळ घेतलं. माझ्या आयुष्यात मी एवढी जड कधी झाले नव्हते.

आता बंदी उठलीय. दर रविवारी दोघं डोहात उतरतात. तो जाळं ओढतो. जाणारे-येणारे त्याला नावं ठेवतात, तो मान वर करत नाही. वर्ष होत आलं. ठिपकी एकही मिळालेली नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात कुणी अशा बिनकामाच्या जिवासाठी झुरत असेल, तर मदत जरूर करा, पण आधी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. चहा थोडा गार होईल, इतकंच.

मी काठावर असते, डोहाच्या पाण्यानं अर्धी भरलेली. एखादी सापडलीच तर ठेवायला पाणी नको का, असं बाई म्हणते. ऊन उतरलं की भाऊ मला उचलतो.

"ताई, ओतू?"

"थांब रे," ती म्हणते. "अजून थोडा वेळ राहू दे."