सहाशे बारा आवाजांचा रखवालदार

मी एक सर्व्हर बोलतोय. नाव मोठं, लक्षण खोटं. बुटांच्या दोन खोक्यांएवढा पत्र्याचा डबा आहे मी. बोलण्याचे उपचार करणाऱ्या एका बाईंच्या दवाखान्यात, फायलींच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम आहे.

मला बाईंच्या भाच्याने जन्माला घातलं. तेव्हा तो कॉलेजात होता. कुणाची जुनी डिस्क, कुणाचा टाकलेला पंखा असं जोडून त्याने मला उभं केलं, माझा प्रोग्रामही स्वतःच लिहिला. काम एकच. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचा.

माणसं समोरच्या खुर्चीत बसत, घसा खाकरत आणि विचारत, "काय बोलू?" जन्मभर बडबड केलेली माणसं, पण त्या खुर्चीत हमखास काही सुचत नसे. कुणी पाढे म्हटले, कुणी बायकोची माफी मागितली, एकाने शेजाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आठ वर्षांत सहाशे बारा आवाज माझ्या पोटात गेले. एकही सांडला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझे नखरेही होते, कबूल करतो. वीज गेली की मी रुसायचो. मग बाई भाच्याला फोन लावायच्या आणि तो ऑफिसातली बैठक सोडून हळू आवाजात सांगायचा, "मावशी, मागचं बटण दाब. ते नाही गं, त्याच्या खालचं!"

शेवटी तो कंटाळला. "मावशी, आता सगळे भाड्याच्या यंत्रांवर काम करतात. यंत्रं त्या कंपनीची, वीज त्यांची, दुरुस्ती त्यांची. तुझ्या डोक्याला ताप नाही."

"आणि हा?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"असू दे कपाटात. जुने आवाज आहेत त्यात. नवे तिकडे जातील."

माझी वायर काढली, वर फायलींचा गठ्ठा आला. वाईट वाटलं. पण माझा पंखा खरंच घरघरत होता, तेव्हा पोराला दोष कसा देऊ? बंद यंत्राला काही ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं. वाटू द्या.

पुढच्याच महिन्यात लिलाववाले काका आले. भाजीबाजारात तीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस. सोबत काकू होत्या. त्यांची मुलगी दूर गावी होती, तिला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडासाठी काही बोलून ठेवायचं, असं काकांनी ठरवलं होतं. बसक्या आवाजात त्यांनी सरळ बाळाचा लिलावच पुकारला. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"घरीही एक प्रत नेऊ का?" काकूंनी विचारलं.

"कशाला? इथे अगदी सुरक्षित आहे," बाई म्हणाल्या.

बाईंचा एक नियम होता. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने कुणाला त्याचा जुना आवाज ऐकवायचा नाही; माणूस खचतो. त्यामुळे तीन महिने नवं काही कुणी उघडलंच नाही. काकांना नात झाली. काका-काकू पेढ्यांऐवजी चक्क टोपलीभर वांगी घेऊन आले आणि म्हणाले, म्हणजे काकू म्हणाल्या, "आता द्या."

यादीत काकांचं नाव होतं. आवाज नव्हता.

भाचा धावत आला. तासाभराने त्याचा चेहरा पांढरा पडला. भाड्याच्या त्या यंत्रावर प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की कोऱ्या पाटीने उठतो. नावांची यादी वेगळीकडे ठेवलेली, ती टिकली. आवाज मात्र प्रोग्रामच्या शेजारच्या फोल्डरमध्ये पडत होते, ते दर वेळी पुसले गेले. कंपनीने हे आधीच लिहून ठेवलं होतं. पण आवाज कुठे पडतात, हे आठ वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेलं भाचा साफ विसरला होता. त्या तीन महिन्यांत चार आवाज गेले. तिघांची शस्त्रक्रिया व्हायची होती, त्यांनी पुन्हा येऊन बोलून दिलं. चौथे काका.

बाईंनी मला बाहेर काढलं, जोडलं, वेड्यासारखं शोधलं. माझ्यात कुठून असणार? मी त्या दिवशी हाताच्या अंतरावर होतो, सगळं ऐकत होतो, पण माझी वायर निघालेली होती. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

परवा भाचा माझी डिस्क काढून नेणार आहे. सगळे आवाज तीन ठिकाणी उतरवून झालेत, प्रत्येक फाईल बाईंनी स्वतः ऐकून पाहिली. उरलेला पत्रा भंगारात जाईल. त्याचं दुःख नाही. घरचं यंत्र ठेवा नाहीतर भाड्याचं घ्या, पण "सुरक्षित आहे" म्हणण्याआधी एकदा उघडून ऐका, एवढंच माझं मागणं आहे.

जाण्यापूर्वी माझं शेवटचं काम सांगतो. काल काका-काकू पुन्हा आले. बाईंना मान वर करवेना. काकांनी पाटीवर लिहिलं, "हिला पाठ आहे." आणि काकूंना खुर्चीकडे ढकललं.

"अहो, मला कुठे पुकारता येतंय!" काकू म्हणाल्या. पण बसल्या. बाईंनी मला सुरू केलं.

"आली आली, ताजी ताजी आली," काकू चोरट्या आवाजात म्हणाल्या. काकांनी हात वर केला: मोठ्याने. "आई म्हणते शंभर पापे! आजी म्हणते दोनशे! आजोबा म्हणतात हजार! हजार एक वार, हजार दोन वार..."

'तीन वार' म्हणायचं सोडून काकूंनी काकांकडे पाहिलं. मी मात्र रेकॉर्ड करत राहिलो. मग काकांनी टेबलावर हात आपटला, बाजारात सौदा पक्का करताना आपटत तसा, दणकून. सहाशे तेराव्या फाईलमध्ये तेवढी एक थाप त्यांची स्वतःची आहे.