एका हाताची टाळी

ताई गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशी जादा ब्रेक होता, आणि शेजारी शिकणारा माणूस चुकीच्या दिशेने निघाला की पाय आपोआप दाबला जायचा. घरीही दाबला जायचा. फक्त तिथे ब्रेक नव्हता.

तिच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या फोडांचे घड धरले होते. दुसरं मूत्रपिंड मिळालं नाही, तर लवकरच आयुष्य डायलिसिसच्या मशीनला बांधून घ्यावं लागणार होतं. हे कळताच माहेरची माणसं तिच्या दिवाणखान्यात जमली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो आतून खुर्च्या आणत होता.

“रक्ताला शेवटी रक्तच धावून येतं,” काका म्हणाले. “माझं घे.”

“नाहीतर माझं,” आत्या म्हणाली.

नवऱ्याने घसा खाकरला. “मी काय म्हणतो…”

“जावईबापू, तुम्ही बसा. हा रक्ताचा मामला आहे.”

जावईबापू बसले.

“आधी ऐका,” ताई म्हणाली. “हे बाबांकडून आलंय. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडलांकडून. काही आजारांत दोन्ही बिघडलेल्या लागतात. यात एकच पुरते. ती वरचढ असते. दुसरी कितीही शहाणी असो, तिचं काही चालत नाही.”

“अगदी ह्यांच्या घरासारखं,” आई पुटपुटली.

“टाळी एका हाताने वाजत नाही,” आत्या ठणकावून म्हणाली. “तुझ्या आईकडूनही काहीतरी आलंच असणार.”

“आत्या, ही वाजते.”

वाजलीच. सोनोग्राफीत काकांना फोड निघाले, आत्यालाही निघाले. घराण्याचा तापट स्वभाव म्हणून जे तीन पिढ्या मिरवलं, ते रक्तदाबाचं दुखणं होतं. दोघांनी ताईशी बोलणं टाकलं. “चांगले ठणठणीत होतो,” काका सगळ्यांना सांगत सुटले, “हिच्या नादी लागून आजारी पडलो.”

आईचं मधुमेहामुळे चालणार नव्हतं. उरला धाकटा भाऊ. त्याला सगळे राजे म्हणत, आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

“माझं तुलाच, ताई. तपासणीबिपासणी काही नको. निम्म्या मुलांना होतं ना? आपण दोघं. तुला झालं, मी सुटलो.”

“राजे, ही काय वाटणी आहे? प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं. माझं कसं पडलं हे तुझ्या नाण्याला कोण सांगणार?”

“पोट फाडून घ्यायला तयार आहे मी! आणखी काय हवं?”

“पोटावरून नुसतं यंत्र फिरवून घे.”

“ते तेवढं नको.”

राजे जाईल तिथे आपल्या त्यागाची गोष्ट सांगत राहिला, आणि ताईचे पाय सुजत राहिले. शेवटी ती म्हणाली, “चल, तुझं ड्रायव्हिंग कसं झालंय बघू.” राजे खुशीत स्टिअरिंगवर बसला. इस्पितळाचं फाटक आलं तसा त्याने वेग वाढवला. ताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

“उतर.”

पडद्यावर तेच घड होते. राजे पोटावरची जेल पुसायचं विसरून तसाच पडून राहिला. तोंड पाडून पडलेला तो हुबेहूब बाबांसारखा दिसला, आणि ताईला त्याच्यावर धड चिडताही येईना. तिने त्याचं पोट पुसलं.

“गोळ्या घेतल्यास, रक्तदाब सांभाळलास तर पुष्कळ वर्षं जातील,” ती म्हणाली. “पण मला द्यायला तुझं चालणार नाही.”

घरी येऊन ती नवऱ्यापुढे मटकन बसली. “संपली सगळी रक्ताची माणसं.”

“माझी तपासणी करायची का?” तो म्हणाला.

“अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मला बसायला सांगितलं होतं.”

त्याचं जुळलं. त्याचे आईबाप या घराण्यातले नव्हते, एवढं त्याचं पुण्य कामी आलं. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर माहेर पुन्हा दिवाणखान्यात जमलं. काकांनी अबोला सोडून जावयाच्या पाठीवर थाप मारली. “तुम्ही आता रक्ताचेच!”

“नाहीत, काका,” ताई म्हणाली. “म्हणून तर.”

राजे खुर्ची ओढत भाऊजींच्या अगदी शेजारी येऊन बसला आणि प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊजी, माणसाला दोन असतात ना?”

ताईचा पाय जमिनीवर इतक्या जोरात दाबला गेला, की टेबलावरचे कप हादरले.